कोलकॅनन आणि खळ

बटाट्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं माझं चाळीस वर्षं मत होतं. उपासाची भाजी, वड्याचं सारण, पुरीबरोबरची पिवळी भाजी, सगळं खाऊन खाऊन माझा हात तयार झाला होता. (खाऊन हात तयार होतो, हा समज नवरे मंडळींत सर्रास आढळतो.) म्हणून डब्लिनमध्ये शेजारच्या आजींना हॅलोविनला जेवायला बोलावताना मी सांगून टाकलं, "कोलकॅनन मी करतो."

नाव तोफेसारखं असलं तरी मूळ आयरिश शब्दांचा अर्थ पांढऱ्या डोक्याचा कोबी. कुस्करलेला बटाटा, त्यात कोबी किंवा केल (कोबीच्याच कुळातली पालेभाजी), पातीचा कांदा, गरम दूध, लोणी. यात चुकायला जागाच कुठे आहे? वराडकर आडनावाचा माणूस 2017 साली या देशाचा पंतप्रधान झाला, तर मला चार बटाटे कुस्करता येऊ नयेत?

पहिली ठेच दुकानातच लागली. मंडईत "जुना द्या हो, नवा गोड लागतो" यापलीकडे बटाट्यावर मी कधी चर्चा केलेली नाही. इथे बटाट्यांना नावं. रूस्टर, कर्स पिंक, गोल्डन वंडर. आजींनी बजावलं होतं, पिठूळच आण, मेणचट नको. उकडल्यावर साल तडकून बटाटा हसला पाहिजे. मी लाल सालीचे रूस्टर आणले. हे वाण इथल्याच कार्लोमध्ये तयार झालेलं, म्हणजे हसलं तर आयरिशच हसणार.

आजींची रीत अशी: सालीसकट उकडायचे, पाणी ओतून टाकायचं आणि त्याच पातेल्यात मंद आचेवर कोरडे होऊ द्यायचे. आमची रीत: सोलून, चिरून कुकरात, चार शिट्ट्या. झाकण उघडलं तर बटाटे हसत नव्हते. रडून रडून त्यांचा लगदा झाला होता.

"मॅशर खालच्या खणात आहे," बायको हॉलमधून ओरडली. ती जमिनीवर फतकल मारून आकाशकंदील करत होती. त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात आले होते. खालच्या खणासाठी वाकावं लागतं. मिक्सर समोरच होता.

मिक्सर दोनदा घुर्र झाला, मग स्वर बदलून कण्हायला लागला. आत पांढरं, चकचकीत, तार सुटणारं काहीतरी तयार झालं होतं. मी त्यात चमचा घातला. चमचा बाहेर काढायला गेलो, तर भांडंही वर आलं. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला सगळा स्टार्च सुटतो आणि बटाट्याची खळ होते, ही माहिती बायकोनं मला नंतर, सावकाश, दोनदा दिली.

फेकायचं धाडस होईना. 1845 साली करपा पडून याच देशात बटाटा शेतातच कुजला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. इथे दीड किलो बटाटा मी कचऱ्यात ओततोय आणि कुंपणापलीकडून आजी बघतायत, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मग त्यातच केल घातली, पातीचा कांदा घालून उकळलेलं दूध ओतलं आणि पानात वाढून, वरणासाठी भाताला करतो तसं मधोमध आळं केलं. आळ्यात लोणी. प्रत्येक घास त्या लोण्यात बुडवून खायचा असतो. लोण्यानं पुष्कळ पापं झाकली जातात, पण सगळी नाही.

हॅलोविनच्या कोलकॅननमध्ये वस्तू लपवायची जुनी पद्धत आहे. अंगठी मिळाली तर वर्षात लग्न, नाणं मिळालं तर पैसा, बटण मिळालं तर तो पुरुष कायमचा अविवाहित. अंगठी काढून द्यायला बायकोनं साफ नकार दिला. नाणं त्या गोळ्यात असं रुतलं होतं की ते मिळालं, तरी खर्च करता आलं नसतं. बटण माझ्या वाट्याला आलं. "एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात?" बायकोनं विचारलं.

आजी पहिला घास बराच वेळ चावत होत्या. कोलकॅनन चावावं लागत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"ग्रँड," त्या म्हणाल्या.

मी फुशारून आणखी वाढायला उठलो, तर टेबलाखालून लाथ बसली. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. बस चुकली तरी ग्रँड, पाऊस आला तरी ग्रँड. आपलं "असू दे, असू दे."

रात्री भांडी घासताना मिक्सरच्या पात्यांखाली वाटीभर खळ निघाली. हॉलमध्ये बायकोचा गोंद संपला होता आणि अर्ध्या झिरमिळ्या तशाच पडून होत्या. मी काही न बोलता वाटी तिच्यापुढे ठेवली. तीही काही बोलली नाही.

कंदील पोर्चमध्ये टांगला. डब्लिनचा वारा दोन दिवस आडवातिडवा घोंघावला. गोंदाच्या झिरमिळ्या उडून तिसऱ्या घरापर्यंत गेल्या, उरलेल्या जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आजींनी फाटकाशी थांबून कंदील निरखला, एक झिरमिळी हळूच ओढून पाहिली आणि गोंद कुठला वापरला, असं विचारलं.

"रूस्टर," मी म्हणालो.