कोश करणाऱ्याचं नाणं

कुणाची जयंती जवळ आली की आमच्या पुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागणी येतेच: यांचं नाणं काढा! टिळकांचं पाच रुपयांचं 2007 साली निघालं, बाबासाहेबांच्या 125व्या जयंतीनिमित्त 2015 मध्ये 125 रुपयांचं आलं, मग आमच्यांनीच काय घोडं मारलंय? दोन दिवस कोण मोठा यावर जुंपते. तिसऱ्या दिवशी पुन्हा शुभ सकाळचे गुलाब.

इकडे बुडापेस्टला एचेरीच्या जुन्या बाजारात मी 1984चं 100 फोरिंटचं (फोरिंट म्हणजे हंगेरीचं चलन) नाणं घेतलं. चांदीबिंदी काही नाही. त्यावर कोण, तर शांदोर कोरोशी चोमा; त्या वर्षी त्याच्या जन्माला 200 वर्षं झाली होती. ना राजा, ना सेनापती. हंगेरियन लोकांचं मूळ घर आशियात शोधायला तो 1819 मध्ये निघाला आणि बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल करत 1822 मध्ये लडाखला पोचला. मूळ घर काही सापडलं नाही. मूरक्रॉफ्ट नावाचा इंग्रज भेटला, त्याच्या सांगण्यावरून हा तिबेटी शिकायला बसला. झांस्करमधल्या झांगल्यात, नऊ फूट लांबीरुंदीच्या खोलीत, शेकोटीशिवाय, मेंढीचं कातडं पांघरून एका लामाजवळ दिवसभर वाचायचा. त्यातून 1834 मध्ये कलकत्त्यात तिबेटी-इंग्रजी कोश छापून झाला, शिवाय व्याकरण. (तीनच वर्षं आधी मुंबईत मोल्सवर्थचा मराठी कोश निघाला होता. दोन्हींना पैसा कंपनी सरकारचा.) ल्हासाला जाताना 1842 मध्ये तापाने दार्जिलिंगला वारला. थडगं तिथेच आहे.

जे शोधायला निघाला ते न मिळालेल्या माणसाचं नाणं पाडणारा देश मला आवडला. पण हंगेरीला फार डोक्यावर घ्यायचं कारण नाही. चोमाचं जन्मगाव पहिल्या महायुद्धानंतरच्या 1920च्या तहाने रुमेनियात गेलं, त्यामुळे त्याच्या नावाला मुलूख गमावल्याची जखमही चिकटलेली आहे. शिवाय भाषाशास्त्रज्ञ हंगेरियनला फिनिशच्या गोतात बसवतात, ते इथे अनेकांना रुचत नाही. त्यांना तुर्की, मध्य आशियाई, घोड्यावरचे पूर्वज हवे असतात. सरकारने 2019 मध्ये हंगेरियनांच्या इतिहासाची एक नवी संस्था काढली, तिच्यावर याच मुद्द्यावरून भाषाशास्त्रज्ञ तुटून पडले. चोमा अशांच्या हातात पूर्वेकडचे भाऊबंद शोधणारा वीर होतो. त्याचं कोशाचं काम मागे पडतं.

हे सगळं मला फार ओळखीचं वाटतं. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ग्रुपवर फटाके फुटले; भाषा किती जुनी यावर सगळे तज्ज्ञ झाले. मी विचारलं, दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ कुणाच्या घरी आहे का? 1932 ते 1938, सात खंड, पुण्यातच झालेलं काम. त्यांचं नाणं काढा असं कुणी म्हटलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. एकाने उलट विचारलं, ‘ते कुठल्या पक्षाचे?’

नाणं काढायचंच असेल तर माझी मागणी ही. एका बाजूला यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे, दुसरीकडे ओळीने सात खंड. किंमत सात रुपये. जयंतीच्या आकड्याची वाट बघायला नको, उद्यासुद्धा पाडता येईल.