शेठ श्रावणात येतो, सरकार मार्चमध्ये

श्रावणात आमच्या भागातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर पैसा एकाच माणसाच्या खिशात असतो. वीटभट्टीच्या मुकादमाच्या, म्हणजे भट्टीवाल्या शेठला मजूर आणून देणाऱ्याच्या.

लावणी उरकलेली असते, कापणीला अजून दीड-दोन महिने असतात. शेतावर मजुरी नाही. रेशनचा तांदूळ असतो, नाही असं नाही, अंत्योदय कार्डावर 35 किलो धान्य मिळतं. पण तेल, मीठ-मिरची, पोराचा ताप, छपरावर टाकायचं प्लास्टिक, गौरी-गणपती हे काही तांदळाने भागत नाही. अशा वेळी मुकादम येतो आणि जोडप्याला वीस-तीस हजार रोख मोजून देतो. कागद नाही, फोटो नाही, आधार नाही, केवायसी नाही. फक्त वहीत नाव आणि अंगठा. हीच उचल. दिवाळी झाली की त्या उचलीच्या बदल्यात सगळं कुटुंब, पोराबाळांसकट, भट्टीवर.

मी रायगड जिल्ह्यात बचत गटांचे हिशेब लिहिते. वर्षानुवर्षं दोन वह्या शेजारी शेजारी बघते, गटाची आणि मुकादमाची. (मुकादमाची वही बाया मला सहज दाखवत नाहीत, पण हिशेबात घोळ आहे असं वाटलं की घेऊन येतात.) परवा एका ग्रुपवर पुन्हा तोच सूर वाचला, ‘आदिवासींवर सरकार एवढं उधळतं, तरी ते आहेत तिथेच.’ म्हणून आज सविस्तर लिहिते. माझं म्हणणं एवढंच की पैसा किती दिला याच्या आधी तो कोणत्या महिन्यात पोचला हे विचारा. आपल्याकडे आदिवासींच्या योजना आर्थिक वर्षाच्या तालावर चालतात आणि वाडी पावसाच्या तालावर. या दोन्हींच्या मधल्या फटीत भट्टीवाला बसलेला आहे.

घरकुलाचंच घ्या. पीएम-जनमन योजना 15 नोव्हेंबर 2023 ला झारखंडमधल्या खुंटीहून सुरू झाली. 24,104 कोटींची योजना, देशातल्या 75 अतिमागास आदिवासी समूहांसाठी. महाराष्ट्रात असे समूह तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. इतकी वर्षं कुणी कातकऱ्यांसाठी वेगळा विचार करत नव्हतं, निदान आता यादीत वाडीचं नाव तरी आलं. पक्क्या घरासाठी 2 लाख रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. जोतं झालं की फोटो, मग पुढचा हप्ता. भिंती वर आल्या की पुन्हा फोटो, पुन्हा हप्ता.

आता कोकणातला पाऊस डोळ्यांसमोर आणा. जून ते सप्टेंबर बांधकाम होत नाही. घर बांधायचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत. आणि वीट पाडायचा हंगामही नेमका तोच.

म्हणजे पहिला हप्ता खात्यात येतो तेव्हा घरधनी भिवंडीकडच्या नाहीतर पनवेलकडच्या भट्टीवर असतो. मोबाइलवर मेसेज येतो, पण बघायला रिचार्ज नसतो. गवंड्याला सांगायला, रेतीची गाडी उतरवून घ्यायला वाडीवर असते कोण? म्हातारी. भट्टीवरून आठ दिवसांची रजा मागितली तर मुकादम म्हणतो, आधी उचल फेड आणि मग जा. आमच्या गटातल्या एका बाईचं जोतं एक अख्खा उन्हाळा तसंच पडून होतं. त्याच उन्हाळ्यात तिने आणि तिच्या नवऱ्याने दुसऱ्यांच्या घरांसाठी लाखभर विटा पाडल्या. तालुक्याच्या तक्त्यात मात्र तिच्या नावापुढे शेरा पडला, ‘लाभार्थी काम सुरू करत नाही’. तो शेरा वाचून मला आलेला राग अजून उतरलेला नाही.

भट्टीचा हिशेब कसा चालतो तेही सांगते, कारण शहरातल्या बऱ्याच जणांना वाटतं की उचल म्हणजे ॲडव्हान्स पगार. मजुरी हजार विटांमागे ठरते. पण हजारी हातात येत नाही. दर आठवड्याला मिळते ती खर्ची, पोटापुरती. तीही वहीत उचलीखाली चढते. फुटलेल्या विटा वजा, अवकाळी पावसात भिजलेला माल वजा. मे महिन्यात ‘हिशेब’ होतो. नशीब बरं असेल तर चार-पाच हजार हातावर पडतात, नाहीतर बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामावर जाते. मग पुढच्या श्रावणात मुकादमाला नवी उचल द्यायचीसुद्धा गरज नसते. जुनी बाकीच पुरते.

कायद्याने हे सगळं गुन्हा आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा 1976 चा. त्यात सुटका झालेल्या मजुराला तातडीची मदत म्हणून आता 30 हजार रुपयांपर्यंत रक्कम देता येते. जरा थांबून विचार करा. माणूस वीस-तीस हजारांसाठी बांधला गेला, त्याची सुटका झाली, प्रकरण झालं, सुटकेचा दाखला मिळाला की सरकार 30 हजार देणार. तेच पैसे श्रावणात, बांधलं जायच्या आधी, परतफेडीच्या बोलीवर द्यायला मात्र सरकारी बजेटात आज एकही लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचा रकाना, नाही.

पूर्वी होतं बरं का. खावटी.

1978 पासून राज्यात खावटी कर्ज योजना होती, आदिवासी विकास महामंडळामार्फत. ज्याने कुणी ती आखली त्याने वाडीचा पावसाळा जवळून पाहिलेला असणार. पावसाळ्यात खायचे वांधे होतात, तेव्हा सावकाराच्या दारी जायला लागू नये, एवढा साधा हेतू. वाटपात भानगडी झाल्या, वसुली रखडली, हे सगळं खरं. 2013-14 पासून योजना बंद पडली. करोनात ती पुन्हा आली, या वेळी कर्ज नाही, पूर्ण अनुदान. कुटुंबाला 4,000 रुपये. त्यातले 2,000 खात्यात आणि 2,000 चं सामान: मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडीदडाळ, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, गरम मसाला, मिरची पूड, मीठ, चहापत्ती. 11 लाख 55 हजार कुटुंबं, 486 कोटी रुपये. मंजुरी 2020 च्या पावसाळ्यात.

वाटप 2021 मध्ये.

ज्या पावसाळ्यासाठी योजना आणली तो पावसाळा उपाशी गेला. त्या वर्षी मुकादम वेळेवर आला होता.

आणि दर वेळी भट्टीच असते असंही नाही. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी पोरांना मेंढ्या वळायला नेल्याचं उघड झालं, ते आठवत असेल. बदल्यात आईबापांना काय मिळालं होतं? एखादी मेंढी, पाचशे-हजार रुपये. पेपरांत चार दिवस हळहळ झाली. आईबापांवर जास्त, त्या पाचशे रुपयांवर कमी.

यावर ठरलेला आक्षेप येणारच. रोख दिले तर दारूत घालतील. घालणारे घालतात, मी त्यावर पांघरूण घालत नाही. पण आमच्या दोन गटांनी एका श्रावणात आपल्या बचतीतून आणि बँकेच्या कर्जातून बायांच्या हातात पैसे दिले, गावच्या भाषेत पावसाळी उचलच. त्यातल्या बऱ्याच जणी दिवाळीनंतर तरीही भट्टीवर गेल्या. मला आधी वाईट वाटलं. तेव्हा एकीने समजावलं, ‘ताई, आवंदा मोकळ्या गेलो. शेठचा पैसा डोक्यावर नाय. नाय पटलं तर उठून येवू.’ आणि दोघीतिघी आल्याही, जोत्याच्या वेळेला. भट्टीवर काम करण्यात कमीपणा नाही, तिथे मजुरीही बरी पडते. उचलीच्या दाव्याला बांधून जावं लागतं, ते सोडवायचं आहे. परतफेड? सगळ्यांनी केली नाही. पण आमच्या तालुक्यातल्या पतपेढ्यांचा थकबाकीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांनी याबद्दल वाडीला शिकवू नये.

रानातल्या मालाचंही असंच आहे. शहापूरच्या वनधन केंद्राचं (आदिवासींनी गोळा केलेला रानमाल विकायला सरकारी योजनेतून उभं राहिलेलं केंद्र) नाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. तिथल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठमोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना विकली, करोनाकाळात दीड कोटीहून मोठी मागणी मिळवली. फार मोठी गोष्ट आहे ती. वनधन योजनेत साधारण 300 जणांच्या केंद्राला 15 लाखांपर्यंत मदत असते. पण कंपनीचा पैसा माल पोचल्यावर, तपासल्यावर, बिल पास झाल्यावर येतो. रानातून गुळवेल, हिरडा, शिकेकाई आणणाऱ्या बाईला पैसा संध्याकाळी लागतो, कारण रात्रीची चूल त्यावर असते. केंद्राकडे खेळतं भांडवल असेल तर ती केंद्रात जाते, नसेल तर निम्म्या भावात वाण्याकडे. भाताचंही वेगळं नाही. खरेदी केंद्र उशिरा उघडलं की हमीभाव कागदावर राहतो आणि दिवाळीचा बाजार व्यापाऱ्याच्या पैशाने होतो.

‘ग्रामसभेत बोला ना मग’, असंही कुणीतरी म्हणेल. ग्रामसभा केव्हा होतात? 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. पहिल्या दोन्ही वेळा वाडीला कुलूप असतं. लाभार्थ्यांच्या याद्यांवर चर्चा होते ती अशाच सभांमध्ये. आणि इथे रायगडात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा, लागूच नाही, आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पालघरच्या वाडीला स्वतःची ग्रामसभा भरवता येते, आदिवासी उपयोजनेतला (राज्याच्या बजेटात आदिवासींसाठी वेगळा ठेवलेला पैसा) 5 टक्के थेट निधी ग्रामपंचायतीला मिळतो. रायगडच्या कातकऱ्याला यातलं काही नाही. तो मोठ्या गावाच्या ग्रामसभेत शेवटच्या रांगेत, आणि वाडीखालची जमीन बऱ्याच ठिकाणी कुणा खोताच्या किंवा शेठच्या नावावर. जमीन नावावर नाही म्हणून घरकुल अडकतं, तो विषय इतका मोठा आहे की त्यावर वेगळं लिहीन.

तर यंदा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. घरकुलाचा पहिला हप्ता दसऱ्याच्या आत पडावा आणि दिवाळीपर्यंत जोतं व्हावं, म्हणजे माणसं जायच्या आधी काम उभं राहील. गावातून भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याची, उचलीच्या रकमेसकट, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला नोंद व्हावी. मुकादमाला हे आवडणार नाही, सरपंचांनाही कदाचित नाही. आणि महिला गटांना जूनच्या पहिल्या आठवड्यात बिनव्याजी पावसाळी निधी मिळावा, वसुलीची जबाबदारी गटाची. ठरावाचा मसुदा तयार आहे. ज्यांच्या गावाला वाडी लागून आहे त्यांनी कमेंटमध्ये तालुका लिहा, पाठवते. सभा सकाळी झेंडावंदनानंतर लगेच असते आणि कोरमचं कारण सांगून तहकूब करतात, तेव्हा वाडीवरच्या बायांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.