बरणीतली माहेरवाशीण

क्रॉफर्ड मार्केटला मी गेलो होतो कुकरची रिंग आणायला. आलो तो पिशवीभर पाण्यात एक निळा फायटर घेऊन. (रिंग राहिलीच. तो विषय घरात अजून मिटलेला नाही.)

पंधरा दिवस मासा मजेत होता. आरसा दाखवला की कल्ले फुलवायचा, गालांखाली दाढी काढायचा, शेपटी पदरासारखी पसरायचा. पण आमच्या घरात कुणी एकटं सुखात असलेलं बघवत नाही. ‘‘किती कंटाळत असेल रे बिचारा,’’ आई म्हणाली आणि पुढच्या रविवारी मी मादी आणली. आखूड शेपटीची, मळकट गुलाबी. दुकानदार म्हणाला, ‘‘जोडी आहे दादा, बिनधास्त सोडा.’’

‘दादा’ म्हटल्यावरच मी सावध व्हायला हवं होतं. आपल्याकडे ज्याचं नाव फायटर, आणि थायलंडात, म्हणजे त्याच्या मूळ गावी, ज्याला ‘प्ला कात’ म्हणजे चावरा मासा म्हणतात, त्याची जोडी बिनधास्त? थाई सरकारने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. पण मान वेगळा आणि शेजार वेगळा.

पहिलं मिनिट नुसती मिरवणूक. दुसऱ्या मिनिटाला तो तिच्या अंगावर धावला. तिसऱ्याला ती फिल्टरमागे आणि तिच्या शेपटीचा तुकडा पाण्यावर. मी बाहीसकट हात घातला. हाताशी भांडं एकच होतं, आईने धुऊन उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी.

‘‘अरे, कैरी भरायचीय मला त्यात!’’

‘‘आजची रात्र फक्त गं.’’

ती रात्र तीन आठवडे चालली. बरणीला झाकण लावता येईना, कारण हा मासा वर येऊन हवा घेतो. उघडी ठेवावी तर उडी मारतो. म्हणून पोह्यांची चाळणी गेली. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, म्हणून अंघोळीची एक बादली गेली. जखमेसाठी सोसायटीतल्या बदामाचं वाळकं पान आणून पाण्यात सोडलं, तर बरणीत कोरा चहा झाला. बरणी टाकीला खेटून ठेवलेली. काचेआडून त्याची ऐट चालूच.

एका सकाळी उठलो तर आई टाकीत गाळणं घालून उभी. ‘‘साबण राहिलाय रे टाकीला. केवढा फेस!’’

गाळण्यात होतं ते त्याचं घरटं. तोंडाने एकेक बुडबुडा सोडत रात्रभर बांधलेलं. ताबा मिळायच्या आदल्या दिवशी इमारत पाडावी तसा तो खाली थिजून वर बघत होता. संध्याकाळपर्यंत त्याने पुन्हा नवं बांधलं. आमच्या बिल्डरला बोलावून दाखवावंसं वाटलं.

इकडे बरणीत मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले, पोट फुगलं, पोटाखाली पांढरा ठिपका दिसू लागला. खूण पटली. सुट्टी टाकून मी तिला पुन्हा टाकीत सोडलं. थोडी पळापळ झाली, आणि मग त्याने तिच्याभोवती अंगाचा वेढा घातला. सुटले तेव्हा दोघंही क्षणभर गुंगीत, कलंडलेली. खसखशीएवढे पांढरे दाणे खाली पडू लागले. तोच चावरा मासा एकेक दाणा ओठांत अलगद धरून वर नेत होता, फेसात चिकटवत होता. तासभर आम्ही तिघं टाकीपुढे. चहा निवला.

शेवटचं अंडं वर गेलं आणि तो पुन्हा तिच्या अंगावर धावला. मादी पुन्हा बरणीत.

‘‘काम झालं आणि हाकललीन!’’ आई.

‘‘अगं, ती अंडी खाते.’’

‘‘घरातून काढल्यावर कुणीही खाईल.’’ त्या दिवसापासून आई तिला माहेरवाशीण म्हणते. बरणी मागायची तिने सोडून दिली. कैऱ्या पातेल्यात मीठ लावून पडल्या आहेत.

दोन दिवसांत पिल्लं फुटली. फेसाला लोंबकळणारे बारीक स्वल्पविराम. एखादा खाली गळला की बाप तोंडात धरून पुन्हा वर चिकटवतो. मी मोजत गेलो, साठाला नजर चुकली. मग पुढचं वाचायला घेतलं. दोन-तीन महिन्यांचे झाले की यातले नर एकमेकांना फाडायला लागतात, प्रत्येकाला वेगळं भांडं लागतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई फोडी निथळत होती.

‘‘आई, आपल्याकडे एकूण बरण्या किती आहेत गं?’’