ते तयार आहेत ना, मग आपल्याला काय?

आत्ता सोसायटीच्या मीटिंगमधून वर आलोय, डोकं अजून तापलेलंच आहे. वॉचमनची एजन्सी बदलायचीय म्हणे, नवीनवाला माणशी दोन हजार कमी घेतो. मी विचारलं, मग त्या माणसाच्या हातात काय पडणार? तर उत्तर आलं, "ते तयार आहेत ना तेवढ्यात, मग आपल्याला काय?" आणि सगळ्यांच्या माना हलल्या. यातले निम्मे दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला माझ्या पुढच्या बाकावर असतात!

अरे, याच वाक्याला पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरूम नोव्हारूम' या कामगारांवरच्या परिपत्रकात उत्तर देऊन ठेवलंय. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने कामगार कमी पैशाला हो म्हणाला, तर ती जबरदस्तीच आहे, अन्याय आहे. मे २०२५ ला नवीन पोपसाहेबांनी त्याच लिओंची आठवण ठेवून लिओ हेच नाव घेतलं तेव्हा स्टेटस कोणी ठेवले होते? आपणच ना?

आमचे वॉचमन काका रात्री अकराला डबा उघडतात. दोन चपात्या, आत लसणाची चटणी. खुर्चीचा एक पाय वायरने बांधलाय, त्याच्यावर बारा तासांची ड्युटी.

अमेरिकेत जॉन रायन म्हणून एक फादर होऊन गेले, मिनेसोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा, अर्थशास्त्राचे पक्के अभ्यासक. लिओंचं म्हणणं त्यांनी नुसतं प्रवचनात नाही वापरलं, हिशोबाला बसले. १९०६ च्या 'अ लिव्हिंग वेज' या पुस्तकात त्यांनी चक्क आकडा मांडला, शहरातल्या कुटुंबाला वर्षाला निदान ६०० डॉलर, त्याच्या खाली माणसासारखं जगणं नाही. त्यात घरभाडं, खाणं, आजारपण तर आहेच, पण थोडी करमणूकसुद्धा आहे, हे मला फार आवडलं. आणि मालकाने आधी हा पगार द्यायचा, भांडवलावरचं व्याज नंतर बघायचं. दया नाही, हक्क. पुढे १९१३ मध्ये मिनेसोटात बायका आणि मुलांसाठी किमान वेतनाचा कायदा झाला, त्याच्या मसुद्यातही ते होते.

हां, त्यांच्या हिशोबात कमावणारा बाप आणि घर सांभाळणारी आई, ते आज नाही पटत. आणि मेंटेनन्स वाढला की पेन्शनवाल्यांना जड जातं, तेही मान्य. पण लॉबीतल्या ग्रॅनाइटला पाच मिनिटांत मंजुरी मिळाली होती, तेव्हा नाही कोणाला पेन्शनवाले आठवले.

वर येताना काकांनी गेट उघडलं. "झाली का मीटिंग, साहेब?" माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी नुसतं "हो" म्हणालो आणि लिफ्टकडे वळलो, सांगणार काय होतो त्यांना? काकांना महिन्याला किती लागतात, घरी किती जण आहेत, हे चार वर्षांत मी एकदाही विचारलेलं नाही. आज विचारणार आहे.

रविवारी अकराला परत मीटिंग आहे, मी मिस्साहून थेट तिथेच जाणार. बिल्डिंगमधलं जे कोणी हे वाचतंय, प्लीज या, एकट्याचा आवाज तिथे कोणी ऐकत नाही.