मत गुप्तच ठेवा, पडताळणी कडक करा

एका लेखात लेखकाचं म्हणणं असं की रेल्वेवेड्यांच्या गटातल्या रेल्वेच्या फोटोस्पर्धेत कोणी कोणाला मत दिलं ते निकालासोबत जाहीर करावं, म्हणजे गटबाजी थांबेल. मला उलटंच वाटतं. रेल्वेवेड्यांचं जग लहान. ज्याच्या फोटोला मत दिलं नाही, त्याच्याच शेजारी ट्रायपॉड लावून पुढच्या गाडीची वाट बघायची असते. नावं उघड झाली की मतं फोटोला पडत नाहीत, दोस्तीला पडतात. 'तू मला दे, मी तुला देतो' हा सौदाही उघड मतदानातच पक्का होतो, कारण समोरच्यानं शब्द पाळला का ते तपासता येतं!

खोटी खाती ही खरी डोकेदुखी. पण त्यासाठी सगळ्यांची मतं चव्हाट्यावर कशाला? स्पर्धा जाहीर होण्याआधीचे सदस्यच मतदार धरा आणि स्पर्धेत नसलेल्या दोघांकडून यादी तपासून घ्या.

मतदारांपासून छायाचित्रकाराचं नाव झाकून मात्र निम्मंच काम होतं. वॉटरमार्क काढाल, फाइलमधला एक्झिफ (फोटोसोबत आपोआप साठणारी कॅमेरा, तारीख वगैरे माहिती) पुसाल, शैलीचं काय करणार? छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ पासून अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीची वाफेची इंजिनं रात्री फ्लॅशबल्बच्या झगझगाटात टिपली. काळ्याकुट्ट आकाशावर ती पांढरीशुभ्र वाफ दिसली की जाणकाराला खाली नाव लागत नाही. प्रत्येक गटात असे एकदोन ओळखू येणारे असतातच. तरीही नाव झाकावंच, नवख्याला तेवढाच आधार. आणि हो, मतदान चालू असताना आकडे दाखवू नका. लोक आघाडीवरच्याच्याच मागे धावतात.