टॅरिफ भरतो कोण, लावतो कोण

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी लावलेल्या टॅरिफच्या, म्हणजे आयातशुल्काच्या, खटल्याची सुनावणी झाली. तिचा ऑडिओ सगळ्यांसाठी खुला आहे. अडीच तासांहून मोठा आहे, पण वकिली युक्तिवादाची आवड असेल त्यांनी जरूर ऐकावा. सरकारी वकील जॉन सॉअर न्यायमूर्तींना पटवत होते की हे टॅरिफ महसुलासाठी लावलेलेच नाहीत. परदेशी व्यापाराचं नियमन करायला लावलेत, त्यातून पैसा येतो तो आपला आनुषंगिक. आणि त्याच आठवड्यात, ९ तारखेला, त्यांच्या अशिलाने म्हणजे ट्रम्प यांनी जाहीर केलं की टॅरिफमधून एवढा पैसा येतोय की श्रीमंत वगळता प्रत्येकाला किमान २००० डॉलर वाटू. वकील आणि अशील यांचं आधी काही बोलणं झालं होतं की नाही, देव जाणे.

सॉअर यांना असं फिरवून का बोलावं लागलं? कारण टॅरिफला कर म्हटलं की खटला जवळजवळ हातचा गेला. अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्या कलमाच्या आठव्या उपकलमात कर आणि आयातशुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला दिलेला आहे. राष्ट्राध्यक्षांना नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सुनावणीत नेमकं तिथेच बोट ठेवलं: हा अमेरिकन लोकांवर बसवलेला कर आहे आणि कर बसवणं हा काँग्रेसचा अगदी मूळचा अधिकार आहे.

टीव्हीवर आणि आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर 'टॅरिफ कोण भरतं' आणि 'ट्रम्पना तो अधिकार आहे का' या दोन वेगळ्या चर्चा चालतात. पहिली अर्थशास्त्राची, दुसरी कायद्याची. मला त्या एकच वाटतात. 'पैसे परदेशी माणूस भरतो' हे ट्रम्प यांचं म्हणणं लोकांच्या गळी उतरलं, की आपल्याला न विचारता कर बसवला याचा राग कुणाला येतच नाही. दुसऱ्याच्या खिशातून जाणाऱ्या पैशासाठी मतदान कशाला हवं?

माझं आयुष्य न्हावाशेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या, कामात गेलंय, त्यामुळे एक साधी गोष्ट आधी सांगून टाकतो. कंटेनर बंदरात उतरला की बिल ऑफ एंट्री (आयातीचा अर्ज) भरायचं, एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आकडा) लावायचा, ड्युटी निघते ती आयातदाराने भरायची, मग माल सुटतो. भरली नाही तर माल तिथेच पडून राहतो आणि वर डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, चढतं. अमेरिकेतलं लाँग बीच बंदर असो नाहीतर न्यूअर्क, तिथेही ड्युटी आयातदारच भरतो. चीनचं सरकार किंवा आपलं सरकार अमेरिकन कस्टमच्या खात्यात दमडीही भरत नाही. पावती अमेरिकन आयातदाराच्या नावावर फाटते. ३० सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या त्यांच्या आर्थिक वर्षात सीमाशुल्कातून सुमारे १९५ अब्ज डॉलर आले, ते सगळे असेच.

अर्थात पावती कुणाच्या नावावर आणि झळ कुणाला, हे दोन प्रश्न वेगळे, हे मान्य. आयातदार विक्रेत्याला म्हणू शकतो की भाव उतरव. नाहीतर स्वतः नफा कमी करतो, नाहीतर गिऱ्हाइकाकडून काढतो. तिन्ही होतं, प्रमाण मालागणिक बदलतं. जपानी मोटार कंपन्यांनी २०२५ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचे निर्यात भाव चांगलेच उतरवले, म्हणजे तिथली बरीच झळ जपानने सोसली. ट्रम्प यांचे समर्थक हेच उदाहरण देतात आणि ते खोटं नाही. पण सरसकट पाहिलं तर २०१८-१९ च्या टॅरिफवर जे अभ्यास झाले त्यांत चिनी मालाचा ड्युटीआधीचा भाव जवळपास हललाच नव्हता. म्हणजे जवळजवळ पूर्ण बोजा अमेरिकेतच राहिला.

त्यातली वॉशिंग मशीनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. जानेवारी २०१८ मध्ये व्हर्लपूल या अमेरिकन कंपनीच्या मागणीवरून आयात वॉशिंग मशीनवर शुल्क बसलं. मशीन महागली, ते अपेक्षितच. पण देशात बनलेलीही महागली, कारण समोरचा महाग झाल्यावर आपण स्वस्त विकायचं कशाला? आणि गंमत म्हणजे ड्रायरही तेवढेच महागले. ड्रायरवर शुल्क नव्हतंच! तिकडे लोक दोन्ही जोडीने घेतात, तेव्हा कंपन्यांनी वाढ दोन्हीवर वाटून टाकली. फेडरल रिझर्व्ह आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी हिशोब केला: किंमत सुमारे १२ टक्क्यांनी वर गेली, नव्या नोकऱ्या साधारण १८०० झाल्या, आणि एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून ८ लाख १५ हजार डॉलर गेले. वर्षाला. एवढ्यात त्या प्रत्येक कामगाराला घरी बसवून पगार देता आला असता, वर मशीन फुकट.

पण अभ्यास सोडा, खुद्द ट्रम्प यांच्याकडूनच दोनदा कबुली मिळाली आहे. मे २०२५ मध्ये वॉलमार्टने भाव वाढवावे लागतील म्हटल्यावर ते चिडले: वॉलमार्ट आणि चीन यांनी मिळून टॅरिफ गिळावं, गिऱ्हाइकाकडून काही घेऊ नये. अहो, सगळं चीन भरत असेल तर वॉलमार्टने गिळायला उरलं काय? आणि दुसरी कबुली १४ नोव्हेंबर २०२५ ची. महागाईवरून ओरड वाढली तेव्हा कॉफी, केळी, बीफ, टोमॅटो, चहा, मसाले असल्या वस्तूंवरचं 'जशास तसं' टॅरिफ काढून टाकलं. लोकांना खाणंपिणं परवडावं म्हणून टॅरिफ काढायचं, याचा अर्थ ते भरत कोण होतं हे सरकारलाही ठाऊक होतं. (आपल्या मसालेवाल्यांना आणि चहावाल्यांना त्यातून थोडा दिलासा, तेवढाच.)

भारताचं प्रकरण जरा वेगळं आहे आणि ते 'अमेरिकन ग्राहक भरतो' या एका वाक्यात बसत नाही. ७ ऑगस्ट २०२५ ला २५ टक्के, मग रशियन तेलाच्या नावाने २७ ऑगस्टपासून आणखी २५. एकूण ५०. तेव्हा व्हिएतनाम आणि बांगलादेश २० वर होते, पाकिस्तान १९ वर. अशा वेळी अमेरिकन खरेदीदार ५० टक्के भरेल की ऑर्डर दुसरीकडे वळवेल? शुल्क सगळ्यांना सारखं असेल तर ते ग्राहकावर ढकलता येतं. एकट्यावर जास्त असेल तर ढकलायला जागाच नाही, धंदाच जातो. अंधेरीच्या सीप्झमध्ये (निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक वसाहतीत) दागिने घडवणाऱ्या कारागिराने अमेरिकन कस्टमची पावती कधी पाहिलेली नाही. पण ऑर्डर रद्द झाली की त्याची पाळी बंद होते, ओव्हरटाइम जातो. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांचंही तेच. हा खर्च १९५ अब्जांत कुठेच दिसत नाही, कारण जो माल गेलाच नाही त्यावर ड्युटी लागत नाही.

आणि फराळ! २९ ऑगस्टपासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढून टाकली. त्याच्या आधीच, २५ ऑगस्टपासून, आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं थांबवावी लागली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी तोंडावर आल्यावर, आणि ती अशी की घोषित किमतीच्या ५० टक्के ड्युटी बुकिंग करतानाच पाठवणाऱ्याने भरायची. मी बहिणीसाठी न्यू जर्सीला चकल्या-अनारसे कुरियरने पाठवले. १०० डॉलरच्या आतली भेटवस्तू करमुक्तच आहे, हे मी काउंटरवरच्या पोराला माझ्या सगळ्या अनुभवानिशी समजावलं. त्याने शांतपणे कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. भरले. तेव्हा अमेरिकेचं टॅरिफ अमेरिकनच भरतो म्हणणाऱ्यांनी चकल्यांपुरता अपवाद करावा.

आता अधिकाराकडे. काँग्रेसने स्वतःच्या हाताने हा अधिकार थोडा थोडा सोडला, आणि त्यालाही कारण होतं. १९३० मध्ये खासदारांनी आपापल्या मतदारसंघातल्या कारखानदारांसाठी एकेक वस्तू घालत स्मूट-हॉले हा आयातशुल्क वाढवणारा कायदा फुगवला. हजारावर अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना सही करू नका म्हणून विनवलं, त्यांनी केली. पुढे जगभर प्रत्युत्तराची शुल्कं लागली. हात पोळलेल्या काँग्रेसने १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्षांना दर उतरवण्याचे करार करायची मुभा दिली. मग राष्ट्राध्यक्षांना शुल्क लावू देणारी कलमं आली: १९६२ चं कलम २३२ राष्ट्रीय सुरक्षेसाठी, १९७४ च्या व्यापार कायद्यात कलम ३०१ आणि कलम १२२. यातल्या प्रत्येकाला काही ना काही कुंपण आहे. चौकशी करा, कारण द्या. कलम १२२ मध्ये तर १५ टक्क्यांची आणि १५० दिवसांची कमाल मर्यादाच घातलेली आहे.

ट्रम्प यांनी ही सगळी कुंपणं टाळून १९७७ चा आणीबाणी-आर्थिक-अधिकार कायदा धरला. राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली की तो वापरता येतो; मुळात तो शत्रुराष्ट्रांची खाती गोठवण्याचा कायदा. त्यात आयातीचं 'नियमन' आहे, शुल्क कुठेही नाही. त्यांच्या आधी कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने त्याचा टॅरिफसाठी वापर केला नव्हता. खालच्या तीन न्यायालयांनी ते फेटाळलं, अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी. खटला लढवणारे कोण, तर इलिनॉयची एक शैक्षणिक खेळण्यांची कंपनी, न्यूयॉर्कचा एक छोटा वाइन आयातदार, व्हरमाँटची बायकांसाठी सायकलिंगचे कपडे करणारी कंपनी, अशी मंडळी. बड्या कंपन्यांनी व्हाइट हाऊसमध्ये जेवणं केली आणि सवलती मिळवल्या.

आणीबाणी म्हणजे काय याची दोन उदाहरणं बघा. ब्राझीलशी अमेरिकेचा व्यापार तुटीचा नाही, उलट शिल्लक अमेरिकेची. तरी २०२५ मध्ये ५० टक्के लावले, कारण तिथे माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावर खटला चालला. आणि कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं टॅरिफविरोधी जुनं भाषण जाहिरातीत वापरलं, तर रागाच्या भरात आणखी १० टक्के वाढवतो म्हणून जाहीर केलं. जाहिरात आवडली नाही ही राष्ट्रीय आणीबाणी असेल तर माझ्याकडेही बऱ्याच आहेत.

मग काँग्रेसने हे थांबवलं का नाही? मूळ कायद्यात दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने आणीबाणी रद्द करायची सोय होती. १९८३ मध्ये चढ्ढा खटल्यात (हो, चढ्ढा, केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी, त्याच्या हद्दपारीचा खटला) सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांच्या सहीवाचूनचा असा नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला. आता ठरावावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते किंवा दोनतृतीयांश मतं. म्हणजे अधिकार द्यायला साधं बहुमत पुरलं आणि परत घ्यायला पुरत नाही. न्यायमूर्ती गोरसच यांनी सुनावणीत हीच चिंता बोलून दाखवली, आणि ते ट्रम्प यांनीच नेमलेले आहेत. ऑक्टोबर २०२५ अखेरीला सिनेटने (वरिष्ठ सभागृहाने) ब्राझील, कॅनडा आणि एकूणच जागतिक टॅरिफ यांविरुद्ध तीन ठराव मंजूर केले. पण कनिष्ठ सभागृहात रिपब्लिकनांनी मार्चमध्येच एक युक्ती करून ठेवली होती: आणीबाणीच्या ठरावावर ठरावीक दिवसांत मतदान घ्यावं लागतं ना, तर या अधिवेशनातले दिवस हे दिवस म्हणून मोजायचेच नाहीत असा नियम पास केला. आपल्या ग्रामपंचायतीतही इतकं कुणाला सुचलं नसतं.

हसताना एक लक्षात असू द्या. आपल्याकडेही दर बरेचसे अधिसूचनेनेच हलतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क एका शनिवारी अचानक आलं, मग बंदी, मग पुन्हा ४०, मग २०, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. कागदोपत्री भरणारा निर्यातदार होता. कापलं गेलं ते लासलगावच्या लिलावातल्या भावातून, हे नाशिकच्या कुणालाही विचारा. फरक इतकाच की आपल्या संसदेने तो अधिकार सरकारला कायद्याने, स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. तो शहाणपणाने वापरला जातो का, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

फेब्रुवारी २०२६ मध्ये न्यायालयाने हे टॅरिफ रद्द केलं, पण म्हणून सगळं संपलं असंही नाही. पोलाद, ॲल्युमिनियम, मोटारी यांवरचं शुल्क कलम २३२ खाली आहे, त्याला या खटल्याने धक्का लागत नाही, आणि बाकीच्यांसाठी दुसरी कलमं शोधली गेलीच. मला जास्त उत्सुकता आहे ती परताव्याची. न्यायमूर्ती बॅरेट यांनीही सुनावणीत विचारलं होतं, की पैसे परत करताना सगळा गोंधळ होणार का. आपल्याकडे कस्टम कायद्याच्या कलम २७ मध्ये रिफंड मागणाऱ्याला सिद्ध करावं लागतं की ड्युटीचा बोजा त्याने गिऱ्हाइकावर ढकललेला नाही. ढकलला असेल तर रक्कम ग्राहक कल्याण निधीत जाते. हे सिद्ध करण्यासाठी सीएच्या सर्टिफिकेटामागे मी किती पळालोय ते आमच्या लाइनीतल्यांना माहीत आहे. अमेरिकेत परतावा मिळाला तर तो ज्याच्या नावावर आयात झाली त्याला. ज्याने वाढीव भावाने कॉफी प्यायली त्याला काही नाही, सीप्झमधल्या कारागिरालाही नाही. आणि ज्यांना तो मिळेल त्यांतले बरेच जण भाव वाढवून ती रक्कम आधीच वसूल करून बसलेले असतील.