परत आलेल्या पुस्तकाची नोंद

दादा आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. गेल्या महिन्यात फोनवर सांगत होता, देवघेवीची रजिस्टरं आता बंद होणार, सगळं संगणकावर जाणार. सभासदाचा मोबाइल नंबर, आधार, त्याने कोणतं पुस्तक कधी नेलं, सगळं कायमचं जमा. वर्गणीवर आणि तुटपुंज्या अनुदानावर चालणारी संस्था हे करतेय याचा त्याला अभिमान वाटतो, मलाही वाटला. मी एवढंच विचारलं, "पुस्तक परत आलं की नोंद पुसली जाते का?" तो म्हणाला, "पुसायची कशाला? लपवण्यासारखं काय असतं त्यात?"

हा प्रश्न घरच्या फोनवर मी अनेकदा ऐकलाय. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा ऐकला, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा आला तेव्हाही ऐकला. त्या कायद्यात केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सुरक्षेच्या कारणावरून संपूर्ण सूट देता येते. फोन ऐकायला आपल्याकडे गृहसचिवाचा आदेश पुरतो, न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. त्यावर वर्तमानपत्रांत वाद होतात, आणि घराघरांत तेच एक उत्तर मिळतं.

मी राहतो कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डजवळ. इथून थोड्या अंतरावर विंडसर गावात एका छोट्या संस्थेचं ऑफिस होतं. पंचवीसहून अधिक ग्रंथालयांची संगणक व्यवस्था ही संस्था सांभाळायची. जुलै २००५ मध्ये एफबीआयची माणसं तिथे एक पत्र घेऊन आली. १५ फेब्रुवारीला दुपारी चार ते पावणेपाच या वेळात एका विशिष्ट इंटरनेट पत्त्यावरून कोण काम करत होतं, ते सांगा. पत्रावर न्यायाधीशाची सही नव्हती. दहशतवादविरोधी पेट्रियट कायद्याने अशा पत्रांची व्याप्ती वाढवली होती आणि सोबत तोंडबंदीची अट होती: पत्र आलं हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही.

जॉर्ज ख्रिश्चन, बार्बरा बेली, पीटर चेस आणि जॅनेट नोसेक या संस्थेच्या चौघा पदाधिकाऱ्यांनी माहिती दिली नाही, उलट सरकारवर खटला भरला. नावं गुप्त ठेवायची म्हणून आपल्याच खटल्याच्या सुनावणीला त्यांना हजर राहता येईना. सुनावणी ब्रिजपोर्टला, आणि ते हार्टफर्डच्या न्यायालयातल्या एका बंद खोलीत बसून टीव्हीच्या पडद्यावर ती बघत होते. त्याच महिन्यांत वॉशिंग्टनमध्ये पेट्रियट कायद्याची मुदत वाढवण्यावर चर्चा चालू होती. प्रत्यक्ष पत्र मिळालेली माणसं गप्प होती, कारण त्यांना गप्प बसवलेलं होतं. मार्च २००६ मध्ये मुदतवाढीवर सही झाली, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी सरकारने तोंडबंदीचा हट्ट सोडला. पुढे पत्रही मागे घेतलं. या क्रमाचा मला आजही संताप येतो.

तेव्हा अमेरिकेत सगळं छान आहे असं मी दादाला सांगत नाही. वाचकांच्या नोंदी गोपनीय ठेवणारा कायदा या राज्यात आहे, तरी ते पत्र आलंच. मला इथून गावी न्यावीशी वाटते ती इथल्या ग्रंथपालांची सवय. पुस्तक परत आलं, दंड बाकी नसला, की वाचक आणि पुस्तक यांचा संबंध बहुतेक ग्रंथालयांच्या संगणकातून तोडला जातो. स्वतःच्या वाचनाची यादी हवी असेल तर वाचकाने मागून घ्यायची. जे साठवलंच नाही ते कुणाला देता येत नाही. (किंडलवर घेतलेल्या ग्रंथालयाच्या पुस्तकाची नोंद मात्र ॲमेझॉनकडे जाते. इथले लोक त्याबद्दल पुरेसं बोलत नाहीत.)

आपल्याकडे पुस्तकांवरून काय होऊ शकतं हे काल्पनिक नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात घरात सापडलेलं साहित्य पुरावा म्हणून मांडलं गेलं. नुसतं साहित्य बाळगणं हा दहशतवादी कृत्याचा गुन्हा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं २०२३ च्या जुलैत. या प्रकरणातले आरोपी वर्नन गोन्सालविस आणि अरुण फरेरा तोवर जवळपास पाच वर्षं तुरुंगात होते.

दादाला हे सगळं दूरचं वाटलं. मग त्याने मला खूश करायला जुन्या रजिस्टरच्या एका पानाचा फोटो पाठवला. बाबांची सही! त्या आठवड्यात त्यांनी नेलेलं प्रवासवर्णन, तारखेचा जांभळा शिक्का. मी तो फोटो कितीदा तरी मोठा करून पाहिला. वाचनालयातल्या मावशी बाबांसाठी नवीन पुस्तक टेबलाखाली ठेवायच्या, त्यांना त्यांची आवड तोंडपाठ होती. ती माया कुठल्याही संगणकात मिळणार नाही, आणि ती नको असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्याच पानावर, बाबांच्या खाली चार ओळी सोडून, आमच्या वाड्यातल्या एका काकूंचं नाव होतं. पुस्तक घटस्फोटाच्या कायद्याचं होतं. त्या शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं.

मी दादाला ती ओळ वाचायला सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फोटो डिलीट कर. मीही करतो." सॉफ्टवेअरवाला पुढच्या आठवड्यात येणार आहे, नोंद पुसण्याचं त्याला विचारतो, असंही म्हणाला.